स्टीलर्सनी यंदा २१व्या नंबरला क्वार्टरबॅक घ्यावा का?

काळीपिवळी | ९ एप्रिल २०२५

ड्राफ्टला (कॉलेजमधली पोरं संघांनी रांगेनं निवडायची तो कार्यक्रम) दोन आठवडे राहिलेत आणि स्टीलर्सच्या पिट्सबर्गात दुसरा विषय नाही. केस कापायला जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, देवळातल्या प्रसादाच्या रांगेत उभे राहा, कुणीतरी विचारतंच, २१व्या नंबरला कोण? एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) जुन्या धाग्यावर चर्चा टेलर स्विफ्टकडे वळली म्हणून हा वेगळा धागा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. पहिल्या राउंडमध्ये क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) घेऊ नये. यंदा तर नाहीच नाही.

ज्यांचा संपर्क तुटलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी २०२२ मध्ये बेन रॉथलिसबर्गर निवृत्त झाला. त्यानंतरच्या तीन सीझनमध्ये सुरुवातीला मैदानात उतरलेले क्वार्टरबॅक पाच: ट्रुबिस्की, पिकेट, रुडॉल्फ, फील्ड्स, विल्सन. यातले फील्ड्स आणि विल्सन गेल्या महिन्यात न्यूयॉर्कला गेले, एक जेट्सकडे, एक जायंट्सकडे. रुडॉल्फ परत आलाय. आणि ॲरन रॉजर्स नावाचे एकेचाळीस वर्षांचे गृहस्थ मार्चमध्ये येऊन सगळी जागा बघून गेले, त्यानंतर हो नाही की ना नाही. मुलगी बघून गेल्यावर निरोपच येत नाही, तशी आपली अवस्था.

यावर लोकांचा उपाय ठरलेला: घ्या की एक तरुण पोरगा! अहो, घेतला होता. २०२२, नंबर २०, केनी पिकेट. त्या वर्षी पहिल्या राउंडमध्ये गेलेला तो एकमेव क्वार्टरबॅक होता. बाकीच्या संघांनी बघून सोडून दिलं, आपण घेतलं, कारण बेन गेला होता आणि पोरगा इथल्याच पिट युनिव्हर्सिटीचा होता. दोन वर्षांत पंचवीस सामने, तेरा टचडाउन पास (गुण मिळवून देणारे), तेरा इंटरसेप्शन (थेट विरोधकांच्या हातात गेलेले पास). मार्च २०२४ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. मला पिकेटचा राग नाही. त्याच्या वाट्याला प्रशिक्षक मॅट कॅनडाचं आक्रमण आलं, ज्यात तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) आठ यार्ड हवे असताना चार यार्डांचा पास टाकायचा. कॅनडाला शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये सीझन चालू असतानाच काढलं, आपल्याकडे सहसा असं होत नाही. तोवर पोराची दोन वर्षं गेली होती.

आता जानेवारीचा बॉल्टिमोरच्या रेव्हन्सविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना आठवा. मला तो विसरायचाय पण विसरता येत नाही. हाफटाइमला आपण २१-० नं मागे. रेव्हन्सनी त्या रात्री पळून २९९ यार्ड काढले, त्यातले १८६ एकट्या डेरिक हेन्रीचे. दुसऱ्या क्वार्टरमधला तो ड्राइव्ह बघा ज्यात त्यांनी एकही पास टाकला नाही. नुसतं पळत पळत शेवटपर्यंत आले, आणि आपली डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची पुढची फळी) प्रत्येक वेळी दोन-दोन यार्ड मागे ढकलली जात होती. हेवर्ड एकटा धापा टाकत उभा. त्याला मे महिन्यात ३६ पूर्ण होतील. त्याच्या जोडीच्या ओगुंजोबीला सोडलंय. अशा वेळी क्वार्टरबॅक घेऊन हेन्रीला कोण पाडणार?

शिवाय दुसऱ्या राउंडचा पिक रिसीव्हर डीके मेटकाफसाठी सिॲटलला देऊन बसलोय. म्हणजे २१ नंतर थेट तिसरा राउंड. ही एकच मोठी संधी आहे, ती डिफेन्सिव्ह लाइनच्या आतल्या जागेसाठी वापरा. जनरल मॅनेजर ओमर खाननी (वडील भारतातले, म्हणून आपल्याकडच्या काकांना त्याच्याबद्दल जरा जास्तच प्रेम) दोन वर्षांत ओ-लाइनसाठी (आक्रमणाच्या पुढच्या फळीसाठी) ब्रॉडरिक जोन्स, फॉटानू, फ्रेझर घेतले. आधी भिंती, मग छप्पर असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. पुढच्या वर्षी जास्तीचे पिक मिळायची चिन्हं आहेत. तेव्हा हवा तो पोरगा वर जाऊन आणता येईल.

बोला.

अलेघेनीकर | ९ एप्रिल २०२५

काळीपिवळी ताई, लेख छान, निष्कर्ष चूक.

मी १९७९ मध्ये इथे शिकायला आलो. राहायला ओकलंडमध्ये, टेकडीवर पिटचं जुनं स्टेडियम. थंडीत हातात कॉफी धरून मी क्वार्टरबॅक डॅन मरीनोला खेळताना पाहिलंय. पोरगा ओकलंडचाच. सेंट्रल कॅथलिक शाळा, मग पिट, सगळं एका टेकडीच्या आजूबाजूला. चेंडू हातातून सुटायला त्याला वेळच लागत नसे. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सचा नंबर कितवा होता माहीत आहे? एकविसावा. मरीनो तेव्हा शिल्लक होता. आमच्या घराच्या पायरीवरून चेंडू मारला तर त्याच्या अंगणात पडेल इतका शेजारचा मुलगा, आणि स्टीलर्सनी घेतला गेब रिव्हेरा, डिफेन्सिव्ह लाइनमन. का? आपला क्वार्टरबॅक ब्रॅडशॉ आहे ना! ब्रॅडशॉच्या कोपरावर तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती, त्या सीझनला तो एक सामना खेळला आणि संपला. बिचाऱ्या रिव्हेराला त्याच ऑक्टोबरात मोटारीच्या अपघातात कायमचं अपंगत्व आलं, त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. मरीनो सत्ताविसावा मायामीला गेला आणि १९८४ मध्ये त्यानं ४८ टचडाउन पास आणि ५०८४ यार्ड काढले.

त्यानंतर आम्ही काय पाहिलं? मेलोन, ब्रिस्टर, ओडॉनेल, कोर्डेल स्ट्युअर्ट, मॅडॉक्स. ओडॉनेल बरा होता, सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) घेऊन गेला आणि तिथे दोन चेंडू नेमके विरोधी संघातल्या लॅरी ब्राउनच्या हातात दिले. २००४ मध्ये बेन येईपर्यंत वीस वर्षं. तुम्ही २०२२ नंतरची तीन वर्षं मोजताय. मी ती वीस मोजलीयत.

खडीसाखर | १० एप्रिल २०२५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका फॉर्मात आहेत.

शंकासूर | १० एप्रिल २०२५

धाग्याचा विषय कळत नाही तरी लिहितोय, माफी असावी. मुलगा ऑगस्टमध्ये सीएमयूला (कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीला) येतोय (आम्ही नाशिकचे), तो म्हणाला बाबा तिथे हे कळलं नाही तर लोकांशी बोलणार काय. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना? मग मुंबई इंडियन्सनं पैसे ओतून हवा तो घ्यावा तसं स्टीलर्सनी हवा तो क्वार्टरबॅक का घेऊ नये?

पगारपत्रक | १० एप्रिल २०२५

शंकासूर, स्वागत. प्रश्न मुद्द्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इथे बोली लागत नाही. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना सगळे ३२ संघ रांगेनं निवडतात, सात राउंड. गेल्या सीझनला जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. मधल्यामध्ये पिकची देवाणघेवाण चालते. पगार जवळजवळ ठरलेला असतो. २०११ च्या करारानंतर पहिल्या राउंडच्या मुलाला चार वर्षांचा करार, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर, आणि रक्कम नंबरवरून ठरते. शिवाय सगळ्या संघांना एकूण पगाराची कमाल मर्यादा सारखीच.

खरी गंमत इथे आहे. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा करार वर्षाला ६ कोटी डॉलरचा आहे. ब्रॉक पर्डीला फोर्टीनाइनर्सनी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२व्या नंबरला घेतला. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत पगार घेऊन तो सुपर बोलपर्यंत गेला. उरलेल्या पैशात संघानं बाकी सगळीकडे दादा माणसं भरली. म्हणजे तरुण क्वार्टरबॅक चालला तर तो घेतो त्यापेक्षा जास्त कमावून देतो. नाही चालला तर दोन-तीन वर्षं जातात, आणि प्रशिक्षकाची नोकरीही.

गेल्या वर्षी आपल्याला विल्सन फक्त १२ लाखांत पडला, कारण बाकीचे पैसे डेन्व्हर भरत होतं. असं फुकटचं जेवण रोज मिळत नाही. माझा हिशोब म्हणून अलेघेनीकरांच्या बाजूनं. २१व्या नंबरच्या मुलाचा पगार कुठल्याही बऱ्यापैकी अनुभवी क्वार्टरबॅकपेक्षा कमीच असणार. तो फसला तरी पैशाचं नुकसान फार नाही.

काळीपिवळी | १० एप्रिल २०२५

पगारपत्रक, पैशाचं नुकसान नाही हे मान्य. पण २०२१ चा ड्राफ्ट बघा. पहिल्या पंधरात पाच क्वार्टरबॅक: लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, फील्ड्स, मॅक जोन्स. गेल्या सीझनला त्यातला एकटा लॉरेन्स मूळ संघात होता. लान्ससाठी फोर्टीनाइनर्सनी तीन पहिले राउंड मोजले होते, आणि त्यांना तारलं ते तुमच्या २६२व्यानं. हे सगळे वरच्या पंधरातले. आपण एकविसाव्याची गोष्ट करतोय.

आणि काका, मरीनोबद्दल. १९८३ ला मरीनो चांगला आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं. यंदा गावात कुणी छातीठोकपणे एका पोराचं नाव घेतंय का? माझ्या ऑफिसात तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली आणि शेवटी "पण" जोडलं.

बॉल्टिमोरचा_बंड्या | ११ एप्रिल २०२५

शेजारधर्म म्हणून आलोय. आमचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन, २०१८, नंबर ३२. पहिल्या राउंडचा शेवटचा पिक. दोनदा एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू). बाकी काही बोलत नाही.

बोलतो. क्वार्टरबॅक युनायटस पिट्सबर्गचाच. १९५५ ला तुम्हीच त्याला नवव्या राउंडमध्ये घेतलात आणि एकही सामना न खेळवता घरी पाठवलात. तो आमच्या गावात आला आणि पुढे काय झालं ते आमच्या स्टेडियमबाहेरच्या पुतळ्याला विचारा. १९५७ ला लेन डॉसनला पाचव्या नंबरवर घेतलंत, बाकावर बसवलंत, सोडलंत. त्यानं कॅन्सस सिटीत जाऊन सुपर बोल जिंकला. मरीनो सोडलात. तुमची सवयच आहे ही. प्लीज बदलू नका.

अलेघेनीकर | ११ एप्रिल २०२५

बंड्या, तू आमच्या बाजूनं बोलतोयस हे तुझ्या लक्षात येतंय का?

बॉल्टिमोरचा_बंड्या | ११ एप्रिल २०२५

येतंय काका. म्हणून तर धाकधूक आहे.

ओहायोवाली | १२ एप्रिल २०२५

कोलंबसहून. शनिवारी कॉलेज फुटबॉल बघणं हा माझा आणि मुलीचा धर्म आहे, त्यामुळे या पोरांना मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय. कुणी घ्या-नका म्हणतंय पण कुणाला, हे कुणीच बोलत नाहीये!

कॅम वॉर्ड पहिल्या नंबरला टेनेसीकडे जाणार, त्याचा विचार सोडा.

शेड्यूर सँडर्स. डिऑनचा मुलगा, कोलोरॅडो. गेल्या सीझनला ७४ टक्के पास पूर्ण. नेम अचूक, मार खाऊन उठायची तयारी. पण दोन वर्षांत ९४ सॅक (पास टाकण्याआधीच पाडला गेला). लाइन वाईट होती हे खरं, तरी निम्मे तरी त्यानं स्वतः ओढवून घेतले. खिशातून (लाइनच्या आडोशातून) मागे पळतो, मागे पळतो, आणि पंधरा यार्ड मागे जाऊन पडतो. डेन्व्हर-बोल्डरच्या हवेत चाललं, तुमच्या बचावातल्या टी. जे. वॉटसमोर रोज सराव करताना काय होईल? तरी मला विचाराल तर त्याच्याभोवती जो गोंधळ आहे तो त्याच्या बापाच्या आवाजाचा आहे, पोरगा स्वतः बराच शांत आहे.

जॅक्सन डार्ट, ओल मिस. २९ टचडाउन, ६ इंटरसेप्शन. आकडे देखणे. पण लेन किफिनच्या आक्रमणात पहिला माणूस इतका मोकळा असतो की दुसऱ्याकडे बघायची वेळच येत नाही. तुमच्या आक्रमणाच्या प्रशिक्षकाकडे, आर्थर स्मिथकडे, जड फॉर्मेशन, दोन टाइट एंड, अंडर सेंटर. त्याला सगळं नव्यानं शिकावं लागेल. शिकेल, पण वर्ष लागेल.

मिलरो, अलाबामा. पळताना बघत राहावं असा. वीस टचडाउन पळून. पास टाकताना मी डोळे मिटते.

आता माझा माणूस. विल हॉवर्ड. हसू नका. कॅन्सस स्टेटला चार वर्षं काढून आमच्याकडे, ओहायो स्टेटला आला. नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध १३-१० हरलो, दोन इंटरसेप्शन, त्या संध्याकाळी सगळं गाव त्याला शिव्या घालत होतं आणि मीही त्यात होते. मग टेनेसी, ओरेगन, टेक्सस, नोत्र दाम, चारही सामने ओळीनं जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. नोत्र दामविरुद्ध शेवटच्या मिनिटांत थर्ड-अँड-इलेव्हनला जेरेमाया स्मिथकडे टाकलेला तो लांब पास बघा. समोरून माणूस अंगावर येतोय, हा शांत उभा. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) त्याचे पास इकडेतिकडे गेले म्हणून भाव पडलाय. सव्वासहा फुटांच्या वरचा, अंगानं भरलेला, मूळचा पेनसिल्व्हेनियाचा. पाचव्या-सहाव्या राउंडला सहज मिळेल. २१व्या नंबरला काळीपिवळीचा लाइनमन घ्या आणि उशिरा हॉवर्ड. दोन्ही भांडणं मिटतात.

एरीचा_वारा | १२ एप्रिल २०२५

क्लीव्हलंडकडून सप्रेम नमस्कार. आमचा संघ १९९९ मध्ये परत सुरू झाल्यापासून क्वार्टरबॅकांची यादी चाळिसाच्या घरात आहे. जर्सीच्या पाठीवर एकेक नाव खोडून पुढचं लिहिलेली ती जर्सी इथे लोकांनी खरंच घालून मिरवली. ड्राफ्टमधून घेतले: काउच, क्विन, वीडन, मॅन्झिएल, मेफील्ड. ट्रेडमधून घेतला: वॉटसन, तीन पहिले राउंड आणि २३ कोटी डॉलर, सगळे गॅरंटीवाले. तुम्ही लोक "दहा सामने जिंकतो पण प्लेऑफमध्ये हरतो" म्हणून रडता तेव्हा आम्हाला तुमच्या दुःखाची खूप गंमत वाटते.

मुद्दा: तरुण पोरगा आणला आणि भोवतालचं काही बदललं नाही तर पुढचा तरुण पोरगा आणायची वेळ लवकर येते. काळीपिवळीला +१.

अलेघेनीकर | १३ एप्रिल २०२५

एरीचा वारा, तुमचं दुःख समजू शकतो, पण तुमच्याकडे निदान पहिला नंबर येतो. आमचं काय होतं ते पाहा. २०२१ ला ९-७-१ (जिंकले-हरले-बरोबरी). मग ९-८. मग १०-७. मग पुन्हा १०-७. मुख्य प्रशिक्षक टॉमलिन २००७ पासून आहे, अठरा सीझन, एकदाही जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरला नाही. लोक याचं कौतुक करतात, मीही करतो, १९६९ पासून तीनच मुख्य प्रशिक्षक असलेला संघ आहे आमचा. पण त्याचा परिणाम काय? ड्राफ्टचे नंबर: २०, १७, २०, २१. आणि शेवटचा प्लेऑफ सामना जिंकला जानेवारी २०१७ मध्ये, कॅन्सस सिटीत, १८-१६, तेही सहा फील्ड गोल मारून. त्यानंतर सलग सहा हरलो.

म्हणजे वाईट खेळून पहिल्या तिनात जायचं नाही, चांगलं खेळून जिंकायचंही नाही. या नंबरवर दरवर्षी सगळे चांगले क्वार्टरबॅक संपलेले असणार आणि दरवर्षी कुणीतरी म्हणणार, पुढच्या वर्षीचे पोर चांगले आहेत. पुढच्या वर्षीही आपला नंबर विसाच्या आसपासच असेल ताई! मग या नंबरवर जो मिळतो त्यावर पैज लावायची नाही तर कशावर? पॅकर्सनी २००५ मध्ये काय केलं? फाव्र होता तरी रॉजर्सला २४व्या नंबरला घेतला, तीन वर्षं बसवला. २०२० ला रॉजर्स होता तरी लव्हला २६व्या नंबरला घेतला, त्यालाही तीन वर्षं बसवला. घर जळण्याआधी विहीर खणली त्यांनी.

पगारपत्रक | १३ एप्रिल २०२५

काकांचा हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. फक्त एक भर. लव्हला तीन वर्षं बसवायला पुढे रॉजर्स उभा होता. आपल्याकडे पुढे उभा आहे मेसन रुडॉल्फ. घेतलेल्या पोराला ऑक्टोबरातच उतरावं लागेल, पिकेटला उतरावं लागलं तसं. रॉजर्स आला तर गोष्ट वेगळी.

काळीपिवळी | १३ एप्रिल २०२५

काकांचं विसाव्या नंबरचं दुखणं खरं आहे, औषध चुकतंय. कॅन्सस सिटीनं २०१७ मध्ये काय केलं? बारा सामने जिंकले होते, नंबर होता २७. ॲलेक्स स्मिथ ठीकठाक होता. त्यांना माहोम्स हवा होता म्हणून पुढच्या वर्षीचा पहिला राउंड मोजून दहाव्या नंबरवर गेले. आपल्या नंबरवर जो उरला तो घेतला नाही, जो हवा होता त्याच्याकडे गेले. २००४ मध्ये आपल्याला बेन अकराव्या नंबरला मिळाला तो ६-१० च्या सीझननंतर, हेही खरं. म्हणून म्हणते, पुढच्या वर्षी पिक गोळा करा आणि एका पोरासाठी सगळे लावा. या वर्षी सँडर्स किंवा डार्ट घेतला की पुढची तीन वर्षं तोच आपला माणूस, मग वर जायचा प्रश्नच उरत नाही. पिकेट असताना २०२३ ला आपण सी. जे. स्ट्राउडकडे ढुंकून तरी पाहिलं का?

खडीसाखर | १३ एप्रिल २०२५

स्ट्राउड दुसऱ्या नंबरला गेला हो. ढुंकून पाहून काय मिळणार होतं :)

काळीपिवळी | १३ एप्रिल २०२५

खडीसाखर, तुम्ही पॉपकॉर्न खा.

शंकासूर | १४ एप्रिल २०२५

सगळं वाचलं. मुलाला दाखवलं. तो म्हणतो सँडर्स घ्या, कारण त्याला तेवढंच नाव माहीत आहे. अवांतर: तिथे पिवळा टॉवेल हवाच का? दुकानातून आणू की घरचा पंचा हळदीत बुडवून चालेल?

अलेघेनीकर | १४ एप्रिल २०२५

शंकासूर, टॉवेल इथेच घ्या. रेडिओवरच्या मायरन कोपनी १९७५ मध्ये सुरू केलेली प्रथा आहे, आणि त्याचे हक्क त्यानं ज्या शाळेत त्याचा मुलगा होता तिला देऊन टाकलेत, विशेष गरजा असलेल्या लोकांसाठी काम करते ती. विक्रीतले पैसे तिकडे जातात. मुलगा आला की व्यनि करा, पहिला माझ्याकडून.

काळीपिवळी | २४ एप्रिल २०२५, रात्री

चालू आहे. नऊ झाला, अकरा झाला, सँडर्स अजून बसलेला. डार्टही. आपला नंबर येतोय आणि दोघेही शिल्लक! काका, जागे आहात का?

अलेघेनीकर | २४ एप्रिल २०२५, रात्री

झोपतोय कुठला. बायको म्हणते बीपीची गोळी घेतलीत का.

काळीपिवळी | २४ एप्रिल २०२५, रात्री

डेरिक हार्मन!!! ओरेगन. डिफेन्सिव्ह टॅकल. ओमरभाऊ, तोंडात साखर पडो.

अलेघेनीकर | २४ एप्रिल २०२५, रात्री

नंबर एकवीस. डिफेन्सिव्ह लाइनमन. क्वार्टरबॅक शिल्लक असताना. मी टीव्ही बंद केला.

पगारपत्रक | २५ एप्रिल २०२५

डार्टसाठी जायंट्स पंचविसाव्या नंबरवर चढून आले. म्हणजे निदान एका संघाला तो पहिल्या राउंडचा वाटला. सँडर्सला मात्र बत्तीसपैकी एकाही संघानं पहिल्या दिवशी हात लावला नाही. काका, इथे फक्त आपण चुकलो असं म्हणता येत नाही.

एरीचा_वारा | २६ एप्रिल २०२५

क्लीव्हलंडहून ताजी बातमी. तिसऱ्या राउंडला आम्ही डिलन गेब्रियल घेतला. आणि पाचव्या राउंडला, १४४व्या नंबरला, शेड्यूर सँडर्स. एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक. वॉटसन आहे, फ्लॅको आहे, पिकेटही आमच्याकडे आलाय. होय, तुमचाच पिकेट. आता पाच जण सरावाला उतरणार आणि चेंडू एक.

ओहायोवाली | २६ एप्रिल २०२५

१८५!!! सहावा राउंड!!! विल हॉवर्ड पिट्सबर्ग स्टीलर्स!!! मी १२ तारखेला काय लिहिलं होतं ते कुणीतरी वर जाऊन वाचा. मुलगी सोफ्यावर नाचतेय. काळीपिवळी, तुझा लाइनमन आणि माझा हॉवर्ड, दोन्ही.

बॉल्टिमोरचा_बंड्या | २६ एप्रिल २०२५

सहाव्या राउंडला का होईना, घेतलात. युनायटस नवव्या राउंडचा होता. याला निदान एक सामना खेळू द्या.

अलेघेनीकर | २७ एप्रिल २०२५

ओहायोवाली, अभिनंदन. हॉवर्ड चालला तर मी कोलंबसला येऊन तुमच्या हातचं जेवीन. पण सहाव्या राउंडचा पोरगा म्हणजे बाजारातून येताना हाताला लागली म्हणून घेतलेली कोथिंबीर, त्यावर जेवण होत नाही. मूळ प्रश्न तिथेच आहे, सप्टेंबरला कोण उतरणार?

पगारपत्रक | ७ जून २०२५

धागा वर काढतोय. रॉजर्सची सही झाली. एक वर्ष.

काळीपिवळी | ७ जून २०२५

एक वर्षाचा करार, म्हणजे पुढच्या वर्षी हाच धागा पुन्हा. आणि २०२६ चा ड्राफ्ट आपल्याच गावात आहे, हे लक्षात आहे ना मंडळी? काका, तेव्हा टीव्ही बंद करायची सोय नसेल, सगळं नदीकाठीच चालणार आहे.

अलेघेनीकर | ८ जून २०२५

रॉजर्सचा जन्म १९८३ चा आहे, डिसेंबर. मरीनो सोडला त्याच वर्षीचा. मी यावर जास्त विचार करत नाहीये.

बाकी ड्राफ्टला मी जाणारच. घर टेकडीवर आहे, दोघा-तिघांची राहायची सोय होईल. आधी सांगा म्हणजे गाद्या काढून ठेवतो. बंड्यालाही चालेल, रेव्हन्सचा जांभळा शर्ट घालून आला तर पडवीत झोपावं लागेल.